जुन्या बीएमएक्सच्या फ्रेमला ब्रेकचे माउंट बसवायचेत: टिग, पितळ की क्लॅम्प?

तिरकी_चेन (पुणे)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे फुकट वाचतोय, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

चुलतभावाने न्यू जर्सीहून येताना एका बीएमएक्सची (छोट्या चाकांची, कसरतीची सायकल) नुसती फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मोठ्या बॅगेत घालून आणला होता. तिकडे कुणीतरी घर आवरताना गराजबाहेर मांडलेलं सामान, त्यात १५ डॉलरला मिळाला. फ्रेमभोवती टॉवेल गुंडाळले होते, त्यांना अजून ग्रीसचा वास येतो असं वहिनी म्हणते. दोन वर्षं माळ्यावर पडून होती. आता लेक तेरा वर्षांची झाली आणि तिला गिअरची सायकल नको, हीच हवी आहे.

चाकं, क्रँक, हँडल, चेन जमवली. गाडं अडलंय ब्रेकवर. फ्रेमला ब्रेक लावायची सोयच नाही. मागच्या दोन्ही सीटस्टेवर (मागच्या एक्सलपासून वर सीटकडे जाणाऱ्या नळ्या), टायरच्या जरा वर, ग्राइंडर मारल्यासारख्या चपट्या जागा आहेत. दोन स्टेंना जोडणाऱ्या आडव्या नळीला भोक नाही, पुढच्या चिमट्यालाही नाही. स्टिकर एकही उरलेला नाही. ओळख म्हणून एवढंच सांगतो की सीटस्टे सीटट्यूबपाशी (सीटखालच्या उभ्या नळीपाशी) संपत नाहीत, तिला चाटून पुढे वरच्या नळीला जाऊन मिळतात. लोहचुंबक सगळीकडे चिकटतो.

चौकातला सायकलवाला म्हणतो, "आणा, गेट वेल्डिंगवाल्याकडून दोन बोल्ट चिकटवून देतो." हिंमत होत नाही. काय करू?

मधली_आळी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तेवढ्याच पैशात मुलीला नवी सायकल घ्या की. ब्रेक, मडगार्ड, घंटी सगळ्यासकट येते.

ओली_रिम (लेस्टर)

आळीकर, त्याने सायकल कुठली घेऊ असं विचारलेलंच नाही.

तिरकी_चेन, वर्णनावरून फ्रेम जीटी कंपनीची वाटते. सीटस्टे पुढे नेऊन तिसरा त्रिकोण करायची ती त्यांची जुनी खूण. चपट्या जागांचं कोडंही सोपं आहे. साधारण २००० नंतर स्ट्रीटवर चालवणाऱ्या पोरांत ब्रेक काढून टाकायची टूम निघाली. वायर नसली की हँडल कितीही गरागरा फिरतं, सायकल हलकी होते आणि मुख्य म्हणजे भाव मिळतो. थांबायचं कसं? बुटाचा तळवा मागच्या टायरवर दाबून. मीही दोन वर्षं तेच केलं, दर तीन महिन्यांनी बूट बदलायचो. हौशी मंडळी ब्रेक काढून थांबली नाहीत, त्यांनी माउंटही ग्राइंडरने उडवले. तुझ्या फ्रेमचं तेच झालंय. इथे ब्रिटनमध्ये रस्त्यावर सायकल आणायची तर पुढे-मागे दोन स्वतंत्र ब्रेक हवेत असा १९८३ पासूनचा नियम आहे, तरी पोलिसाने मला एकदाही अडवलं नाही.

आता कामाचं. तुझ्या फ्रेमवर जे होतं त्याला ९९० माउंट म्हणतात, डाया-कॉम्पेच्या ९९० नावाच्या ब्रेकवरून. त्यावर यू-ब्रेक बसतो. त्याचे स्टड (ब्रेकचे दांडे ज्यांवर फिरतात ते खुंट) रिमच्या वर, टायरच्या बाजूला असतात. व्ही-ब्रेकचे स्टड रिमच्या खाली, एक्सलच्या बाजूला असतात. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा लागत नाही. बाजारात व्ही-ब्रेक पटकन मिळतो म्हणून मोहात पडू नकोस. बीएमएक्सवर त्याचे उभे दांडे टाचेला लागतात.

आधी चपट्या जागांवरचा रंग खरवडून काढ. जुन्या वेल्डचं कडं खाली दिसेल. जागा शोधायचे निम्मे कष्ट तिथेच वाचतात.

खडखडे_काका (कोल्हापूर)

गेटवाल्याकडे अजिबात जायचं नाही. त्या स्टेची भिंत एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते. होल्डर टेकवला की भोक, भोक बुजवायला अजून रॉड, आणि शेवटी मुंग्यांच्या वारुळासारखा डोंगर. असली एक फ्रेम माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, मी ती परत पाठवली.

क्लॅम्पचंही मनातून काढ. स्टे निमुळता असतो. ब्रेक दाबला की क्लॅम्प खाली सरकतो किंवा फिरतो. घट्ट करायला जावं तर नळी चेपते.

पर्याय दोन. एक, टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाच्या ठिणगीने), बारीक फिलरने म्हणजे भर घालायच्या तारेने, ज्याचा हात पातळ नळीवर बसलाय अशा माणसाकडून. दोन, गॅसवर पितळेचा जोड. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, नळी वितळत नाही, आणि कोपऱ्यातला भर गोल बसतो म्हणून ताण एका रेघेत साठत नाही. मी पितळेच्या बाजूचा.

स्टे क्रोमोलीचे (क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद) आहेत की साध्या हाय-टेन्सिल पोलादाचे, हे बघून कळत नाही. मधल्या किमतीच्या फ्रेमांत पुढचा त्रिकोण क्रोमोली आणि मागचा साधा असा प्रकार सर्रास असतो. क्रोमोली समजूनच वाग. म्हणजे जोड झाला की त्यावर पाणी मारायचं नाही, वाऱ्यावर निवू द्यायचा. ४१३० मध्ये, म्हणजे क्रोमोलीत, कार्बन ०.३० टक्क्यांच्या घरात असतो. लाल असताना गार पाणी पडलं तर कडा काचेसारखी होते. आपल्याकडे काम झालं की बादलीत बुडवायची सवय आहे, म्हणून दोनदा सांगतो.

आणि फ्रेमवर क्रोम असेल तर जोडाच्या आसपास दोन-तीन इंच पूर्ण काढून टाक. क्रोम तापल्यावर निघणारा धूर छातीत घ्यायचा नसतो.

फेविकॉल_पाव (ठाणे)

काका, माझ्या ओळखीचा एक एसी-फ्रिज दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे चांदीची काडी आणि छोटा टॉर्च असतो. चांदी ६५० अंशांतच वाहते ना? नळी अजून कमी तापेल.

खडखडे_काका

कल्पना चांगली, काडी चुकीची. फ्रिजवाल्याची काडी बहुतेक वेळा तांबं आणि फॉस्फरसची असते, चांदी नावाला. तांब्याच्या नळीवर ती फ्लक्सशिवायही पाण्यासारखी पळते. लोखंडावर फॉस्फरस जोडाच्या कडेला ठिसूळ थर तयार करतो. दिसायला झकास, दोन महिन्यांत टणकन सुटतो. लोखंडाला ४५-५० टक्के चांदीची काडी लागते, कॅडमियम नसलेली, सोबत तिचा फ्लक्स. आणि चांदीला फट अगदी केसाएवढी लागते. ग्राइंडरने ओबडधोबड झालेल्या तुझ्या स्टेवर तेवढं चपखल बसवणं अवघड आहे. पितळ फट भरून काढतं.

तिरकी_चेन

काका, ओली_रिम, मनापासून आभार. रंग खरवडला. डाव्या बाजूला गोल कडं स्वच्छ दिसतंय, चुन्याच्या डबीच्या झाकणाएवढं. उजवीकडे मात्र त्या अमेरिकन बाबाने जीव खाऊन ग्राइंडर चालवलाय. कडं नाहीच, उलट नळीत खळगा पडलाय. नखाने दाबून दबत नाही, पण तिथे पत्रा पातळ झालाय हे नक्की.

खडखडे_काका

मग थिगळ लावायचं. स्टेएवढ्याच जाडीची, एक मिमी पत्र्याची नळी शोध, तिचा दीड इंचाचा तुकडा उभा चिरून पन्हळ कर, टोकं माशाच्या तोंडासारखी निमुळती काप. ती स्टेवर बसव आणि स्टड तिच्यावर. दोन्ही बाजूंना लाव, नाहीतर डावा-उजवा स्टड वेगळ्या उंचीवर येतील.

थिगळाआधी तडे बघ. हेडट्यूबचं (चिमट्याची दांडी बसते ती पुढची नळी) खालचं तोंड आणि मागचे ड्रॉपआउट (एक्सल अडकवायच्या खाचा), हे दोन्ही. डिझेल फासून दहा मिनिटं ठेव, कोरडं पुसून काढ, वर खडूची पूड चोपड. तडा असला तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता रॉकेल आणायचं कुठून.

सुईदोरा (नाशिक)

दादा, मुलाच्या सायकलला ९९० माउंट आहेत. पुठ्ठ्यावर दोन्ही स्टडची जागा आणि रिमची कड ट्रेस करून फोटो टाकलाय, खाली पट्टी ठेवली आहे. पण एक शंका. तुमच्या चाकाची रिम २० इंची म्हणजे नेमकी कोणती? टायरच्या कडेवर ४०६ लिहिलंय की ४५१ (रिमवर टायर बसतं तिथला व्यास, मिमीत)? मी एकदा दुकानातून "वीस इंची" म्हणून ट्यूब आणली होती, ती बसलीच नाही.

ओली_रिम

ताईंनी लाखाचा प्रश्न विचारलाय. ४०६ आणि ४५१ दोघांनाही वीस इंचीच म्हणतात. व्यासात ४५ मिमीचा फरक, म्हणजे ब्रेकचं रबर साडेबावीस मिमी वर-खाली. चुकीच्या चाकावर माउंट बसवले तर फ्रेम जन्मभर त्याच चाकाशी बांधली जाईल. बीएमएक्सचं नेहमीचं रुंद टायर ४०६ चं.

तिरकी_चेन

४०६. हुश्श. टायर पुसून चष्मा लावून वाचलं.

लेथवाल्याकडे स्टड करायला टाकतोय. ब्रेकच्या दांड्यातलं भोक व्हर्निअरने मोजलं, स्टड त्यापेक्षा पाच शतांश मिमी कमी सांगितलाय. आत एम-६ चे आटे. तो म्हणतो ईएन-१ए पोलादाच्या बारमध्ये करतो, चकचकीत येतं. चालेल?

खडखडे_काका

नको. ईएन-१ए मध्ये गंधक मुद्दाम घातलेलं असतं, म्हणून तर लेथवर लोण्यासारखं कापलं जातं. वेल्डिंगला तेच गंधक नडतं, जोड गरम असतानाच चिरतो. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील) ब्राइट बारमध्ये कर. ईएन-८ पण नको, त्यात कार्बन जास्त.

आणि स्प्रिंगचं भोक विसरू नकोस. डाव्या-उजव्या स्टडवर ते आरशातल्यासारखं उलटं येतं. दोन्ही एकसारखे करून आणले तर एका बाजूची स्प्रिंग उलटी ओढेल. आमच्याकडे एका ट्रेनीने हे केलेलं आहे. ट्रेनी मीच होतो.

कानस_नंबर_दोन (पिंपरी)

मध्ये तोंड घालतो. जोडाच्या वेळी ब्रेक स्वतः स्टडवर ठेवून जागा धरू नका, स्प्रिंग आणि प्लास्टिकचं बुश जळतं. ६ मिमीच्या पट्टीला दोन भोकं पाडून दोन्ही स्टड तिच्यावर बोल्टने आवळा. म्हणजे ते एकमेकांना समांतर राहतात. मागच्या ड्रॉपआउटमध्ये जुना एक्सल ११० मिमीवर नटांनी आवळून ठेवा, नाहीतर तापल्यावर स्टे एकमेकांकडे ओढले जातात आणि चाकच बसत नाही.

आधी फक्त टाके (ठिपक्याएवढे तात्पुरते जोड). प्रत्येक स्टडला दोन. मग फ्रेम घरी आणा, चाक-ब्रेक लावून बघा, मनासारखं झालं तरच पक्कं. पितळ एकदा लागलं की त्यावर टिग चालत नाही, तांबं-जस्त धातूत शिरून तडे जातात. सगळं खरवडावं लागतं.

मधली_आळी

मला वाटलं होतं दोन बोल्ट चिकटवायचेत. तुम्ही लोक रणगाडा बांधताय.

सुईदोरा

आळीकर, मुलगी उतारावरून येणार आहे त्यावर.

तिरकी_चेन

मंडळी, घोळ झाला. भोसरीतल्या एका वर्कशॉपात टिगने टाके मारून आणले. काम देखणं, तक्रार त्यांच्याबद्दल नाही, माझ्याच डोक्याबद्दल आहे. चाक लावून, पुठ्ठ्याशी ताडून, पट्टीसकट जागा मी धरून दिली होती. घरी येऊन ब्रेक बसवला, रबर रिमच्या बरोबर मध्यावर. लेकीने टाळी दिली. मग चेन घातली, ताणली, आणि रबर टायरला घासायला लागलं. दांड्याच्या खाचेत होतं नव्हतं तेवढं खाली घेतलं, तरी वरची कड टायरवरच. काय चुकलं?

कानस_नंबर_दोन

चेनशिवाय चाक लावलं होतंत ना? बीएमएक्सचे ड्रॉपआउट आडवे. चेन ताणायला चाक मागे ओढावं लागतं. किती मागे गेलं?

तिरकी_चेन

आत्ता मोजलं, ९ मिमी.

कानस_नंबर_दोन

स्टे जमिनीशी साधारण ५५ अंशांत धरा. एक्सल ९ मिमी मागे म्हणजे स्टेच्या रेषेत ९ गुणिले कोसाइन ५५, पाच मिमी दूर. रिम पाच मिमी खाली घसरली, स्टड होते तिथेच राहिले. रबराच्या खाचेत तेवढी जागा नव्हती म्हणून टायर लागतंय. कॉलेज सोडल्यावर कोसाइन पहिल्यांदा कामाला आला.

ओली_रिम

टाकेच आहेत, नशीब. कापून परत लाव. पण या वेळी पूर्ण चेन ताणून, नट आवळून, टायरमध्ये हवा भरून जागा धर. आणि नेमकं मध्यावर धरू नकोस. चेन झिजेल तसं चाक आणखी मागे जाणार. नव्या चेनवर रबर खाचेच्या वरच्या टोकाला बसेल असं ठेव, म्हणजे खाली सरकवायला वाव राहतो.

दुसरी युक्ती, अर्धी कडी. चेनची एक पूर्ण जोडी काढली तर चाक सुमारे १२.७ मिमी सरकतं. अर्धी कडी घातली की निम्म्या पावलाने, ६ मिमीच्या आसपास. चाक ड्रॉपआउटमध्ये हवं तिथे आणता येतं.

खडखडे_काका

टाके कानशीने काढ, ग्राइंडरने नको. तो खळगा ग्राइंडरनेच पडला होता.

फेविकॉल_पाव

धागा वाचनखूण केला. माझ्याकडे एक जुनी ॲल्युमिनियमची फ्रेम पडली आहे, तिलाही असंच करता येईल का?

खडखडे_काका

नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमचं पाणी उतरतं, पुन्हा भट्टीत घालून चढवावं लागतं. ती सोय गल्लीत नाही. तुमच्या फ्रेमला मागे कोस्टर हब लावा, पेडल उलटं दाबलं की ब्रेक. त्याचा दांडा चेनस्टेला (पेडलपाशून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) पट्टीने आवळतात, जोडकाम काही नाही.

सुईदोरा

तिरकी_चेन दादा, पुढच्या ब्रेकचं काय ठरलं? मागचा एकटा असला तर उतारावर चाक घसरतं.

तिरकी_चेन

ताई, चिमट्याला भोक पाडून कॅलिपर लावावा म्हणत होतो.

ओली_रिम

पाडू नकोस! स्टीअररच्या (चिमट्याच्या वर जाणाऱ्या दांडीच्या) बुडाशी सगळा जोर एकवटतो, तिथे नवं भोक म्हणजे मोडायची जागा आपण आखून देणं. चिमटाच बदल, भोक आणि माउंट असलेला घे. फक्त स्टीअररचा व्यास आधी मोज. २५.४ आणि २८.६ मिमी असे दोन असतात, एक दुसऱ्यात जात नाही.

तिरकी_चेन

२८.६ निघाला. जुन्या बाजारात एका मोडक्या सायकलचा चिमटा मिळाला, स्टडसकट.

आता मुख्य बातमी. रविवारी दुसऱ्यांदा टाके मारले, चेन ताणून, अर्धी कडी घालून, हवा भरून. घरी आणून दोन दिवस नुसता ब्रेक दाबत बसलो. बायको म्हणाली, सायकल चालवायची असते. बुधवारी कात्रजला एका म्हाताऱ्या गॅसवेल्डरकडे गेलो. त्यांनी टाकणखाराचा लेप दिला, दोन्ही थिगळांभोवती आधी हळूहळू फिरवून तापवलं, रंग नारिंगी लालाच्या पुढे जाऊ दिला नाही, आणि मग काडी टेकवली. पितळ थिगळाच्या कडेखाली स्वतःहून ओढलं गेलं. एका टोकाला काडी लावली आणि दुसऱ्या टोकाला सोनेरी रेघ उमटली. मी बाटलीतलं पाणी पीत होतो तर म्हणाले, "ती बाटली लांब ठेवा." काका, तुमची आठवण झाली.

थंड झाल्यावर गरम पाण्याने फ्लक्सची काच धुवून काढली. एम-६ चा टॅप फिरवून आटे साफ केले. हेडट्यूबपासून दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत दोरी ताणून सीटट्यूबपासूनचं अंतर मोजलं, डावी-उजवीत एक मिमीचाही फरक नाही. आत जवसाचं तेल ओतून फ्रेम उलटीसुलटी केली, गंज धरू नये म्हणून. गॅलरीत अजून तेलाचा वास येतोय.

खडखडे_काका

रंग मारायच्या आधी जोडाचा जवळून फोटो टाक.

तिरकी_चेन

टाकलाय.

खडखडे_काका

उजवीकडे खालच्या टोकाला पितळ जरा जास्त झालंय, पण कडा सगळीकडे भिजली आहे, टाचणीएवढंही भोक दिसत नाही. कानस मारून सुंदर करायच्या नादाला लागू नकोस, स्टे कापला जातो. त्या बाबांना माझा नमस्कार सांग.

कानस_नंबर_दोन

रिम कशाची आहे? स्टीलची चकचकीत असेल तर पावसात रबर नुसतं घसरेल, माउंट कितीही भारी असोत.

तिरकी_चेन

ॲल्युमिनियमची. आज सोसायटीच्या उतारावर चाचणी घेतली. आधी मी, मग लेक. मागचा ब्रेक दाबला की टायर किंचाळून थांबतं, डांबरावर काळा पट्टा. वॉचमन तक्रार करून गेला.

एकच कुरबुर आहे. ब्रेक सोडल्यावर डावं रबर रिमला चिकटून राहतं, उजवं झटकन सुटतं.

ओली_रिम

आधी स्टडवर ग्रीस आहे ना बघ, रंग लागला असेल तर पॉलिश पेपरने काढ. मग डाव्या बाजूची स्प्रिंग थोडी घट्ट कर. जी बाजू सुटत नाही तिची स्प्रिंग वाढवायची. अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एकदम नको.

तिरकी_चेन

स्टडवर रंगच होता. पेपर मारला, ग्रीस लावलं, अर्धा फेरा दिला. सुटतंय.